जुन्या फुटबॉलपटू-प्रशिक्षकाच्या फोटोंचं खोकं हाताळताना : तयारी, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

खोकं उघडलं जातं, वरचाच फोटो हातात येतो, मधोमध चेंडू धरून बसलेला तरुण ओळखीचा वाटतो आणि कुणीतरी उत्साहाने फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नाव आणि साल लिहून टाकतं. संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान बहुतेक वेळा अशा पहिल्या काही मिनिटांत होतं. कसर आणि बुरशीला तेवढं करायला वर्षं लागतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तासांवर काम करणारी आपली बरीच मुलं-मुली आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या पुढ्यात जुन्या कॉलेज फुटबॉलचं असं खोकं येतं. काहीजण घर रिकामं करतानाच्या विक्रीत किंवा ऑनलाइन लिलावात असा गठ्ठा स्वतः विकत घेतात. चुका दोघांच्या सारख्याच, कारण दोघेही कामाला उलट्या टोकाने हात घालतात : आधी चेहरा ओळखायचा, त्यावरून साल ठरवायचं, मग फोटो सालवार लावायचे. खरा क्रम असा : जे जसं आहे तसं नोंदवा, मग हा कागद कोणत्या काळातला ते पाहा, मग चित्रातला खेळ वाचा. नाव सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी अमोस अलोन्झो स्टॅग घेतो. खेळाडू, खेळाडू-प्रशिक्षक आणि प्रशिक्षक अशा तिन्ही रूपांत त्याचे फोटो आहेत, आणि गोंधळ व्हायच्या जवळजवळ सगळ्या जागा त्याच्या कारकिर्दीत सापडतात. इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

## टप्पा 1 : खोकं उघडण्याआधी एका पानाचा कालपट

फोटोंना हात न लावता एका कोऱ्या कागदावर त्या माणसाचा कालपट लिहा. कुठे होता, कोणत्या वर्षी, कोणत्या भूमिकेत, एवढंच. स्टॅगचा असा होईल :

- 1862 : वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी इथे जन्म.
- 1888 : येल विद्यापीठाची पदवी. त्यानंतरही धर्मशास्त्र शिकत येलमध्येच. बेसबॉलचा नामवंत पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. फुटबॉलमध्ये 'एंड'च्या, म्हणजे रांगेच्या टोकाच्या, जागी 1888 आणि 1889 चे हंगाम. 1889 च्या पहिल्या ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशभरातल्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड.
- 1890 आणि 1891 : मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात प्रशिक्षक आणि खेळाडूही. मार्च 1892 मध्ये तिथे झालेल्या बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यात शिक्षकांच्या बाजूने मैदानात.
- 1892 ते 1932 : शिकागो विद्यापीठ. सुरुवातीला स्वतः संघातून खेळलाही.
- 1933 ते 1946 : कॉलेज ऑफ द पॅसिफिक, स्टॉक्टन, कॅलिफोर्निया.
- 1947 ते 1952 : पेनसिल्व्हेनियातलं सस्क्वेहाना विद्यापीठ, मुलाच्या जोडीने.
- 1965 : स्टॉक्टन इथे वयाच्या 102 व्या वर्षी निधन.

या पानाखाली तीन सापळे लिहून ठेवा. पहिला : खेळाच्या कपड्यांत दिसतो म्हणजे फोटो येलचाच असं नाही, स्प्रिंगफील्ड किंवा शिकागोचाही असू शकतो. दुसरा : अंगावर गणवेश आहे म्हणजे तो फुटबॉलचा असं नाही, येलमध्ये त्याची ओळख आधी बेसबॉलची होती. तिसरा सापळा सगळ्यांत वाईट. त्याच्या थोरल्या मुलाचं नावही अमोस अलोन्झो स्टॅग, फक्त पुढे ज्युनिअर. हा मुलगा आणि धाकटा पॉल, दोघेही शिकागोकडून खेळले आणि दोघेही पुढे प्रशिक्षक झाले. त्यामुळे पाठीवर नुसतं 'स्टॅग, शिकागो' लिहिलेलं असेल तर तीन माणसं संभवतात. 1920 च्या दशकातल्या फोटोत तरुण स्टॅग दिसला तर तो वडील स्टॅग असणं शक्यच नाही. तेव्हा वडील साठीच्या आसपास होते.

तपासणी : तुमचा फोटोनायक दुसरा कुणी असेल तरी हे पान लिहाच. त्या काळचे बरेच खेळाडू एका कॉलेजात खेळले, दुसऱ्यात प्रशिक्षक झाले आणि एकापेक्षा जास्त खेळ खेळले.

## टप्पा 2 : जागा आणि साहित्य

मोठं, रिकामं, कोरडं टेबल. त्यावर पांढरा कोरा कागद अंथरा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. चहा-कॉफी दुसऱ्या खोलीत. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा.

लागेल ते एवढंच : पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, मऊ शिसाची पेन्सिल, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ केसांचा रुंद ब्रश, मोजपट्टी, आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि पुठ्ठ्याच्या पेट्या. पारदर्शक पाकिटं हवी असतील तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं फोटोला चिकटतात आणि त्यातून निघणारी द्रव्यं फोटो खातात. पाकीट घेताना त्यावर 'फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट' (पाकीट फोटोला अपाय करत नाही ना, ही चाचणी) उत्तीर्ण असल्याचा उल्लेख शोधा. नुसतं 'आर्कायव्हल' छापलेलं पुरेसं नाही. तो शब्द कुणीही छापतो.

सुती पांढरे हातमोजे चित्रपटांत छान दिसतात. त्यांचे धागे जुन्या पुठ्ठ्याच्या कडांत अडकतात आणि बोटांना पकड राहत नाही.

इशारा : सेलोटेप, डिंक, रबरबँड, यू-पिन, स्टेपलर आणि चिकट चिठ्ठ्या टेबलावर ठेवूच नका. हाताशी असल्या की वापरल्या जातात.

## टप्पा 3 : उघडणं, आणि धोकादायक वस्तू बाजूला काढणं

खोकं बंद असतानाच त्याचा फोटो काढा. झाकण उघडल्यावर पुन्हा काढा. मग एकेक थर उचला आणि प्रत्येक थराचा फोटो काढा. कोणता फोटो कोणत्या पाकिटात, कुणाच्या खाली, कोणत्या पत्राला लागून होता, ही माहिती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. 1889 चं साल असलेल्या पत्राला लागून निघालेला निनावी फोटो आणि खोक्याच्या तळाशी सुटा पडलेला निनावी फोटो यांची पुराव्याची किंमत सारखी नाही.

या फेरीत फोटो 'बघायचे' नाहीत. फक्त पुढचे चार प्रकार वेगळे काढायचे.

नायट्रेट फिल्म. 1889 पासून 1950 च्या सुमारापर्यंत बनलेल्या लवचीक निगेटिव्हपैकी बऱ्याच सेल्युलोज नायट्रेटच्या आहेत आणि त्या भयंकर ज्वलनशील असतात. कडेला 'नायट्रेट' छापलेलं असू शकतं. 'सेफ्टी' छापलेलं असेल तर ती दुसऱ्या जातीची. पिवळट-तपकिरी पडलेली, चिकट झालेली, तिखट आम्लाचा वास येणारी किंवा तपकिरी भुकटी सांडणारी फिल्म दिसली की थांबा. काडी लावून तपासायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा. ती फिल्म घट्ट प्लास्टिकमध्ये कोंडू नका, गरम जागी ठेवू नका, पोस्टाने पाठवू नका. थंड, हवेशीर जागी वेगळी ठेवून जवळच्या अभिलेखागाराला किंवा अग्निशमन खात्याला विचारा. 'सेफ्टी' फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तीही वेगळी ठेवा; तिथे आगीचा धोका नाही, पण हा रोग शेजारच्या फिल्मपर्यंत पोचतो.

काचेच्या निगेटिव्ह. आडव्या एकावर एक रचू नका. वजनाने खालच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात.

गुंडाळलेले लांब फोटो. फिरत्या कॅमेऱ्याने काढलेले संघाचे आणि मैदानाचे लांबलचक फोटो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फार निघाले. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेला असा फोटो जोर लावून उलगडलात की आडव्या भेगा पडतात आणि त्या नेमक्या चेहऱ्यांवरून जातात. सुरळी तशीच मोठ्या पेटीत ठेवा. उलगडणं हे फोटो-संवर्धकाचं काम आहे. तो कागदाला सावकाश ओलावा देऊन ते करतो.

बुरशी लागलेले फोटो. ओलसर, केसाळ डाग दिसले तर मास्क लावा आणि तो गठ्ठा दुसऱ्या खोलीत न्या. ओली बुरशी पुसायची नसते, पसरते. आधी हवेशीर सावलीत वाळू द्या.

## टप्पा 4 : क्रमांक आणि नोंदवही

आता प्रत्येक वस्तूला क्रमांक. पेटी, पाकीट, वस्तू अशी साधी रचना पुरते : 'स्टॅग-02-05-012' म्हणजे दुसऱ्या पेटीतल्या पाचव्या पाकिटातली बारावी वस्तू. क्रमांकात साल घालू नका. साल पुढे बदलेल, क्रमांक बदलायला नको.

क्रमांक पाकिटावर लिहा आणि तोही फोटो आत घालण्याआधी. फोटोवर लिहायचाच असेल तर पाठीच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, फोटो टणक सपाट जागी ठेवून. चकचकीत पाठीच्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावरच थांबा.

नोंदवहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये हे रकाने हवेत : क्रमांक, कुठे सापडला, चित्राचा आकार, पुठ्ठ्याचा आकार, पुढे छापलेला मजकूर, पाठीवरचा मजकूर, स्थिती, कागदाचा काळ, चित्राचा काळ, व्यक्ती, पुरावा. त्यातले शेवटचे चार आत्ता रिकामे ठेवा. हात शिवशिवतील, तरी ठेवा.

पाठीवरचा मजकूर अक्षरशः उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट. शिक्का, पेन्सिल, शाई, चिकटवलेली चिठ्ठी हे वेगवेगळं नोंदवा, कारण ते बहुधा वेगवेगळ्या काळात आलेलं असतं. वृत्तपत्रांच्या फोटोंवर लाल पेन्सिलीच्या खुणा, कापण्याच्या रेघा, चेहऱ्याभोवती फासलेला पांढरा-करडा रंग असतो. ती घाण समजून पुसणारे लोक आहेत. ती संपादकाची खूण आहे, राहू द्या.

सर्रास होणारी चूक : अल्बम मोडणं. काळ्या पानांच्या अल्बममधून फोटो सोडवून 'स्वच्छ' पाकिटांत घातले की पानावर पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी आणि फोटो यांची ताटातूट होते. अल्बम अख्खा ठेवा, पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला. अपवाद एकच : 1970 च्या सुमाराचे चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम. त्यांतून फोटो काढणं चांगलं, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो घेऊन. न सुटणारा फोटो ओढू नका.

तपासणी : पेटीतल्या वस्तू मोजा आणि नोंदी मोजा. आकडा जुळत नाही तोवर पुढे जाऊ नका.

## टप्पा 5 : कागदाचा काळ

इथे बहुतेकांची गफलत होते. फोटोला दोन तारखा असतात : चित्र टिपलं कधी आणि ही प्रत काढली कधी. 1888 च्या येल संघाची 1950 साली काढलेली प्रत चित्र म्हणून 1888 ची आणि वस्तू म्हणून 1950 ची. म्हणून वर दोन रकाने सांगितले.

कागद वाचायला भिंग घ्या.

चित्र बारीक, नेटक्या ठिपक्यांचं दिसलं तर तो फोटो नाहीच, छापील चित्र आहे. पुस्तकातून किंवा नियतकालिकातून कापलेलं. फ्रेममध्ये लावलेल्या 'मूळ फोटों'पैकी अनेकांचा निकाल इथेच लागतो.

कागदाचे धागे चित्रातून दिसत असतील, रंग तपकिरी-जांभळट आणि उजळ भाग पिवळे पडलेले असतील, कागद अगदी पातळ आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्यापासून केलेला अल्ब्युमेन कागद. 1890 च्या दशकापर्यंत याचाच दबदबा होता. स्टॅगच्या येलमधल्या दिवसांची मूळ प्रत असेल तर याच जातीची असण्याचा संभव मोठा. सुमारे सव्वाचार गुणिले साडेसहा इंचांच्या पुठ्ठ्यावर, खाली स्टुडिओचं नाव छापलेला फोटो म्हणजे कॅबिनेट कार्ड. 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शतक पालटेपर्यंत हा प्रकार जोरात होता.

रंग उबदार, पण धागे दिसत नाहीत आणि पृष्ठभाग गुळगुळीत : 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची दोन-तीन दशकं धरा. रंग काळा-करडा, गडद भागांवर तिरक्या उजेडात आरशासारखी चंदेरी झाक : जिलेटिन-सिल्व्हर कागद, विसाव्या शतकाचा नेहमीचा. मंद, मखमली, अजिबात चमक नसलेला आणि समोरच्या पानावर स्वतःची पुसट सावली सोडणारा फोटो प्लॅटिनमचा असू शकतो. तसा वाटला तर समोरचं पानही फेकू नका.

पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेले संघाचे फोटो सापडतील. पाठीवर मधोमध रेघ मारून पत्ता आणि मजकुराला वेगळी जागा असेल तर अमेरिकेत ते मार्च 1907 नंतरचं. तिकिटाच्या चौकटीत 'अ‍ॅझो' हे कागदाचं नाव आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर साधारण 1904 ते 1918. दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतर 1930 पर्यंत.

नंतरची प्रत ओळखण्याच्या दोन खुणा भरवशाच्या. चित्रात ओरखडा, टाचणीचं भोक किंवा जुन्या पुठ्ठ्याची कड दिसते, पण बोटाला पृष्ठभाग सपाट लागतो, म्हणजे हा फोटोचा फोटो. आणि अंधारात अतिनील टॉर्च टाकल्यावर कागद निळसर-पांढरा झळकला तर त्यात उजळपणासाठीची रसायनं आहेत. ती फोटोच्या कागदात 1950 च्या आसपास आली. न झळकणं मात्र जुनेपणाचा पुरावा नाही. सगळे नवे कागद झळकत नाहीत.

इशारा : पुठ्ठ्याच्या पाठी काय आहे ते पाहायला फोटो सोलू नका. पुठ्ठा, त्यावरची सोनेरी कड आणि स्टुडिओचा पत्ता हाच तुमचा पुरावा आहे. पॅक ब्रदर्ससारख्या फोटोग्राफरांच्या वेगवेगळ्या कॉलेज-गावांत शाखा होत्या. पत्ता कोणत्या वर्षांतला ते त्या शहराच्या जुन्या निर्देशिकांतून सापडतं.

## टप्पा 6 : चित्रातला खेळ वाचा

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला फुटबॉलचे नियम माहीत नसतात, आणि इथे तो फायदाही ठरतो. कारण तो चेहऱ्याऐवजी मैदानाकडे बघतो. नियम बदलले तसं मैदान आणि कपडे बदलले, आणि नियमांची वर्षं पक्की आहेत.

मैदान. दर पाच यार्डांवर आडव्या चुन्याच्या रेषा दिसल्या तर 1882 किंवा नंतर. त्या वर्षी तीन प्रयत्नांत पाच यार्ड जाण्याचा नियम आला आणि मोजायला रेषा लागल्या. आडव्या रेषांबरोबर उभ्याही रेषा असून मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसत असेल तर 1903 ते 1909 चे हंगाम. ही खूण सोन्याच्या मोलाची, कारण काळ इतका अरुंद होतो. गोलचे खांब गोलरेषेवरच असतील तर 1927 च्या आधी. त्या वर्षापासून कॉलेजच्या खेळात ते दहा यार्ड मागे गेले. मैदानाच्या आत, कडेपासून काही अंतरावर तुटक खुणांच्या रांगा दिसल्या तर 1933 किंवा नंतर.

कपडे. छातीवर नाडीने आवळलेलं जाड कॅनव्हासचं जाकीट 1880-90 च्या दशकांतलं. गळ्यात लटकणारं, नाकावर बसवायचं रबरी कवच 1890 च्या दशकापासून शतकाच्या सुरुवातीपर्यंत. डोक्याला मार लागू नये म्हणून वाढवलेले झुपकेदार केस हेही 1890 च्या दशकाचं लक्षण. चामडी शिरस्त्राण दिसलं म्हणजे काळ लागला असं समजू नका : ती 1890 च्या दशकापासून तुरळक दिसतात आणि कॉलेजमध्ये सक्ती झाली ती 1939 मध्ये. एकाच फोटोत चौघांच्या डोक्यावर आहे आणि सातांच्या नाही, असं दीर्घकाळ चाललं. पाठ-पोट दोन्हीकडे क्रमांक असलेले सगळे सदरे 1937 नंतर सार्वत्रिक. चेंडू फुगीर, जवळजवळ कलिंगडासारखा असेल तर जुना. सडपातळ, टोकदार असेल तर 1930 च्या दशकाच्या मध्यापासूनचा.

रंगछटा. 'गडद सदरा म्हणजे येलचा निळा' हा तर्क मी अनेक नोंदींत पाहिला आहे. तो उलटा आहे. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हना निळा रंग तीव्र जाणवायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. परिणामी निळं कापड अपेक्षेपेक्षा फिकट उमटतं आणि लाल-मरून जवळजवळ काळं. शिकागोने मरून रंग घेतला 1894 मध्ये. त्याआधीचा त्यांचा रंग सोनेरी पिवळा होता, आणि पिवळाही त्या काचांवर गडदच उतरायचा. थोडक्यात, 1920 च्या दशकाआधीच्या फोटोत छटेवरून संघ ठरवू नका. अक्षर बघा : वाय की सी.

आकडे. संघाच्या फोटोत कर्णधार मध्ये बसतो, मांडीवर चेंडू, आणि चेंडूवर रंगवलेलं साल किंवा गुणसंख्या. हे साल बहुतेक वेळा हंगामाचं. पण स्वेटरवर मोठ्या आकड्यांत लिहिलेलं साल हे त्या तुकडीच्या पदवीचं असू शकतं, म्हणजे फोटोनंतर तीन-चार वर्षांनी येणारं. स्टॅगच्या बाबतीत तर आणखी मजा : तो 1888 च्या तुकडीचा आणि 1888 च्या फुटबॉल संघातही, पण हा हंगाम खेळला पदवी मिळाल्यानंतर. फोटोच्या पाठीवर नुसतं '88' असेल तर ते दोन्हीपैकी काहीही असू शकतं. नोंद करताना 'हंगाम' की 'तुकडी' हे लिहा, आणि कळत नसेल तर 'आकडा 88, अर्थ अनिश्चित' असं लिहा.

जागा. शिकागोचं मैदान आधी मार्शल फील्ड होतं, 1910 च्या दशकात त्याचं स्टॅग फील्ड झालं. पश्चिमेकडच्या स्टँडला गढीसारखे कंगोरे होते. त्याच्याच खाली डिसेंबर 1942 मध्ये पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया झाली, म्हणून या स्टँडचे फोटो क्रीडासंग्रहांबाहेरही भरपूर सापडतात आणि त्यांच्याशी ताडून पाहता येतं. स्टँड 1957 मध्ये पाडला. त्या जागेवर आज रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं आहे, आणि स्टॅगची कागदपत्रं त्याच इमारतीत आहेत. सध्याचं स्टॅग फील्ड आवारात दुसरीकडे आहे. जुन्या फोटोची तुलना त्याच्याशी करून 'जुळत नाही' म्हणू नका.

तपासणी : फोटोत अक्षरं उलटी दिसतात का? उलटी असतील तर निगेटिव्ह पालथी ठेवून प्रत काढली आहे. मग डावं-उजवं सगळं बदलतं, रांगेतली नावंही.

## टप्पा 7 : आता नावं

इथवर आल्यावर प्रत्येक फोटोला काळाची एक चौकट मिळालेली असते. आता कालपटाचं पान काढा आणि त्या चौकटीत तो माणूस कुठे होता ते पाहा.

नाव लावताना पुराव्याचा क्रम असा धरा : त्याच काळात फोटोवर लिहिलेलं नाव, दुसऱ्या संस्थेकडच्या त्याच फोटोची नोंद, वार्षिकांकातला नावांसकट छापलेला फोटो, नंतर कुणी लिहिलेलं नाव, आणि शेवटी चेहऱ्याचं साम्य. चेहरा ओळखणाऱ्या संगणकीय साधनांनाही याच शेवटच्या पायरीवर बसवा. मिशा, तुटलेलं नाक आणि तीन सेकंद स्तब्ध राहिल्याने आलेला सारखाच करारी भाव यांमुळे एकाच संघातले पाचजण भाऊ वाटतात.

ताडून पाहायला शिकागो विद्यापीठाचा छायाचित्र संग्रह ऑनलाइन खुला आहे. येल, स्प्रिंगफील्ड कॉलेज आणि स्टॉक्टनमधल्या पॅसिफिक विद्यापीठाचे विशेष संग्रहही आहेत. तिथल्या ग्रंथपालांना लिहिताना 'हा कोण?' असं विचारू नका. आकार, स्टुडिओ, पाठीवरचा मजकूर आणि दोन्ही बाजूंचं चित्र पाठवून 'तुमच्याकडे याची प्रत आहे का?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून अंदाज येतो, दुसऱ्याला पुरावा.

संघाच्या फोटोत साध्या कपड्यांतला, गोल टोपी घातलेला माणूस प्रशिक्षकच असेल असं नाही. व्यवस्थापक, मालिशवाला, माजी कर्णधार यांपैकी कुणीही असतो. पगारी प्रशिक्षक ही गोष्टच तेव्हा नवी होती. 1888 मध्ये येलला शिकवणारा वॉल्टर कॅम्प स्वतःची नोकरी सांभाळून ते करायचा.

प्रसिद्ध सामन्यांपासूनही सावध. 1905 च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोने मिशिगनला 2–0 हरवलं, आणि त्या काळचं मैदान, गर्दी, गडद सदरे दिसले की हाच सामना आठवतो. पण बुद्धिबळाच्या पटासारखं मैदान सात हंगाम होतं आणि शिकागोने त्या काळात पुष्कळ सामने खेळले. गुणफलक किंवा समकालीन मथळा नसेल तर सामन्याचं नाव लिहू नका.

नोंद अशी दिसावी : 'व्यक्ती : अ. अ. स्टॅग (वडील), संभाव्य. पुरावा : पाठीवर नंतरच्या शाईत आडनाव, मैदान 1903–09, वय जुळतं.' 'संभाव्य' लिहायला लाजू नका.

## टप्पा 8 : स्कॅन

आधी मऊ ब्रशने मधून बाहेरच्या दिशेने धूळ झटका. पाणी, काच पुसायचं द्रावण, खोडरबर, फुंकर, काही नको. फुंकरीत थुंकी असते.

सपाट काचेचा स्कॅनरच वापरा. कागद आत ओढणाऱ्या यंत्रात जुना फोटो घालणं म्हणजे त्याला फाडायला देणं. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करा, कारण पिवळेपणा आणि शाईचा रंग हीसुद्धा माहिती आहे. आठ गुणिले दहा इंचाला 600 पीपीआय (दर इंचाला 600 चित्रबिंदू) पुरे, छोट्या फोटोंना 1200. फाइल टिफ प्रकारची, म्हणजे तपशील न गमावता साठवणारी. आपोआप उजळ करणं, धार लावणं, ओरखडे पुसणं बंद करा. चित्राभोवती पुठ्ठ्याची पूर्ण कड येऊ द्या. पाठही स्कॅन करा, कोरी असली तरी. 'कोरी आहे' हेही कुणीतरी पुढे विचारणार असतं.

फाइलचं नाव म्हणजे टप्पा 4 मधला क्रमांक आणि पुढे 'अ' पुढच्या बाजूला, 'ब' पाठीला. 'स्टॅग येल छान' असल्या नावांच्या फाइली पुढच्याच महिन्यात हरवतात. मूळ टिफला पुन्हा हात लावायचा नाही. सुधारणा, रंगरंगोटी जे काय करायचं ते जेपीईजी प्रतीवर. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

काचेची निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवायची असेल तर चित्राची, म्हणजे मंद दिसणारी बाजू काचेला घासू देऊ नका. उजेडाच्या पाटीवर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपणं जास्त सुरक्षित.

## टप्पा 9 : ठेवण, आणि दुसऱ्याच्या हाती देणं

सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्के, तापमान 21 अंशांच्या खाली आणि दोन्ही स्थिर. माळा नको, तळघर नको. विकत घेतलेला गठ्ठा कुणी मुंबईला किंवा कोकणात आणला असेल तर पावसाळ्यात साध्या कपाटात हे जमणार नाही. कॅमेऱ्यांसाठी मिळणारी आर्द्रता-नियंत्रित कपाटं घ्या आणि आत आर्द्रतामापक ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ओलाव्याने भरल्यावर वेळच्या वेळी वाळवल्या नाहीत तर निरुपयोगी. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ अजिबात नकोत.

भिंतीवर लावायचा असेल तर स्कॅनची छापील प्रत लावा. अल्ब्युमेन फोटो उजेडात फिका पडतो आणि तो परत गडद होत नाही.

ऑनलाइन टाकण्याआधी हक्क पाहा. फोटोचा कागद तुमचा असला म्हणून प्रताधिकार तुमचा होत नाही. अमेरिकेत त्या काळी प्रकाशित झालेल्या कामाला प्रकाशनापासून 95 वर्षं झाली की ते खुलं होतं. कधीच प्रकाशित न झालेल्या फोटोला फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, आणि फोटोग्राफर माहीत नसेल तर फोटो काढल्यापासून 120 वर्षं. येलच्या दिवसांचे फोटो या हिशेबात सुटतात. स्टॉक्टनच्या काळातले बरेच सुटत नाहीत.

विकायचे असतील तर बाजारात 'टाइप 1' हा शब्द ऐकाल. म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, चित्र टिपल्यापासून साधारण दोन वर्षांत काढलेली प्रत. तुमच्या 'कागदाचा काळ' आणि 'चित्राचा काळ' या दोन रकान्यांत जे अंतर आहे त्यावरच हे ठरतं, त्यामुळे ते रकाने प्रामाणिक ठेवा. अल्बम सुटा करून एकेक फोटो विकल्यावर जास्त पैसे येतात हे खरं आहे. पण तसं करण्याआधी निदान त्या माणसाच्या कॉलेजच्या अभिलेखागाराला विचारा. ते अख्खा अल्बम घेतात, किंवा स्कॅन तरी ठेवून घेतात.

देणगी द्यायची असेल तर पेटीबरोबर नोंदवही, उघडतानाचे थरांचे फोटो आणि टिफ फाइली असं सगळं द्या. रिकाम्या राहिलेल्या रकान्यांसकट.